जादू शिकायचीय, पण सुरुवात कुठून? नवशिक्यांचे नेहमीचे प्रश्न

मी डोंबिवलीत राहते, दिवसा बँकेत नोकरी आणि शनिवार-रविवार जादूचे प्रयोग, असं गेली १७ वर्षं चाललंय. प्रयोग संपला की दोन-तीन जण तरी मागे येऊन थांबतातच, कधी कॉलेजातला मुलगा, कधी पोराला पुढे ढकलणारी आई, आणि विचारतात की ताई हे शिकायचं कुठे. मी सामान आवरता आवरता घाईत काहीतरी सांगते आणि मग लोकलमध्ये बसल्यावर आठवतं की अर्धं राहिलंच. म्हणून सगळे प्रश्न एकदा नीट लिहून काढलेत. घाई नसेल तेव्हा वाचा.

पुस्तक घेऊ, व्हिडिओ बघू की क्लास लावू?

पुस्तक. आणि एकच. मला माहितीये आजकाल कोणाला हे उत्तर आवडत नाही, पण मी इतक्या नवीन मुलांना बघितलंय की आता यावर माझं मत पक्कं झालंय. व्हिडिओत शिकवणाऱ्याचा चेहरा दिसतो, त्याचा आवाज, मान वाकडी करायची लकब, त्याचे विनोद, आणि ट्रिकबरोबर ते सगळं तुमच्यात उतरतं, तुम्हाला कळतही नाही. ज्यातून शिकाल त्याचा वास तुमच्या प्रयोगाला लागतोच. पुस्तकात फक्त हाताचं चित्र आणि चार ओळी असतात, चेहरा तुमचा तुम्हालाच आणावा लागतो.

कुठलं पुस्तक ते आता सांगते. अजून कशात रस आहे हे ठरलं नसेल तर मार्क विल्सनचा कंप्लीट कोर्स इन मॅजिक, १९७५ सालचा जाडजूड ग्रंथ आहे, पत्ते, नाणी, दोरी, रुमाल, स्पंजचे गोळे, कप आणि गोळ्या असं सगळं आहे आणि पानोपानी चित्रं आहेत. त्यातले दोन-तीन विभाग केलेत की आपला हात कशाकडे ओढ घेतो ते कळतं. पत्त्यांचंच वेड असेल तर रॉयल रोड टू कार्ड मॅजिक, १९४८ चं, ह्यूगार्ड आणि ब्राऊ या दोघांनी लिहिलेलं. त्याची गंमत अशी की एक हालचाल शिकवली की लगेच तिच्यावर उभ्या असलेल्या ट्रिक्स देतात, त्यामुळे पहिल्या आठवड्यातच घरच्यांना दाखवण्याजोगं काहीतरी हातात येतं. नाण्यांसाठी बोबोचं मॉडर्न कॉइन मॅजिक, १९५२. या तिघांपैकी एक घ्या आणि सहा महिने दुसऱ्याकडे बघू नका.

इंग्रजी पुस्तकं झेपत नाहीत हो, काय करू?

मलाही झेपत नव्हती, मी मराठी माध्यमातली. पण जादूचं पुस्तक कादंबरीसारखं वाचायचंच नसतं. पत्त्यांचा कॅट हातात घ्यायचा, एक वाक्य वाचायचं, तेवढीच हालचाल करायची, मग पुढचं वाक्य. अंगठा, तर्जनी, वरचं पान, खालचं पान, डावा, उजवा असे चाळीस-पन्नास शब्दच फिरून फिरून येतात, ते एका वहीत लिहून ठेवले की पंधरा दिवसांत अडखळणं थांबतं. वहीत प्रत्येक ट्रिक स्वतःच्या मराठीत लिहायची सवय लावा. ते भाषांतर करताना बऱ्याचदा लक्षात येतं की एक पायरी आपल्याला समजलेलीच नव्हती.

मराठीतही छोटी छोटी पुस्तकं मिळतात, अप्पा बळवंत चौकात किंवा पुस्तक प्रदर्शनात चाळलीत तर दिसतील, काड्यापेटीच्या, आकड्यांच्या, रुमालाच्या ट्रिक्स असतात. लहान मुलांना सुरुवातीला चांगली आहेत. पण बहुतेकांत 'गुपित' सांगतात आणि थांबतात, ते सादर कसं करायचं त्याचा पत्ता नसतो.

पण यूट्यूबवर तर सगळं फुकट आहे!

आहे ना, मी स्वतः बघते. एखादी हालचाल पुस्तकातून कळत नसेल, म्हणजे बोटं नक्की कुठल्या वेगाने चालतात, मध्ये थांबा कुठे आहे, हे बघायला व्हिडिओसारखं साधन नाही. पण शिकवणारा कोण ते पारखून घ्या. 'हे बघा सिक्रेट' म्हणून तीस सेकंदांत गुपित उघडं करणारा चॅनल तुम्हाला काही शिकवत नाही, तो फक्त व्ह्यूज गोळा करतो. चांगला शिक्षक ही चाल कोणाची, कोणाकडून आली ते सांगतो, कुठल्या बाजूने बघितलं तर पकडली जाईल ते सांगतो, आणि अमुक वेळी हात खाली का जातो याचं कारण देतो. कारण देणारा माणूस सापडला की त्यालाच धरून राहा, रोज नवा चॅनल नको. आणि व्हिडिओ शेवटचा बघा, आधी पुस्तकातून आपल्या हाताने चुकतमाकत करून झाल्यावर.

टेलिग्रामवर हजार पुस्तकांच्या पीडीएफ मिळाल्यात, त्या चालतील?

नाही. ज्यांनी ती लिहिलीत त्यातले कितीतरी अजून हयात आहेत आणि त्यावरच जगतात. शिवाय हजार पुस्तकं असलेला मुलगा एकही पूर्ण करत नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

फुकटच हवं असेल तर जुनी, कॉपीराइट संपलेली पुस्तकं आहेत की. प्रोफेसर हॉफमनचं मॉडर्न मॅजिक १८७६ चं. अर्डनेझचं एक्स्पर्ट ॲट द कार्ड टेबल १९०२ चं, पत्त्यांचं बायबल म्हणतात त्याला, आणि गंमत म्हणजे हा अर्डनेझ खरा कोण होता यावर आजही वाद चालू आहे. ते अवघड आहे, पहिलं पुस्तक म्हणून घेऊ नका, पण डाई व्हर्नन नावाचा विसाव्या शतकातला मोठा उस्ताद लहानपणापासून ते पाठ करत वाढला, एवढं लक्षात ठेवा आणि दोन वर्षांनी उघडा.

ऑनलाइन एक गिमिक, म्हणजे ट्रिकचं तयार साधन, बघितलंय, दोन हजारांचं. घेऊ का?

थांबा थोडं. मी नोकरीला लागल्यावर पहिल्या तीन महिन्यांत पगारातले बरेच पैसे अशाच डब्यांवर घालवले. एका दुकानातून तरंगणाऱ्या गोळ्याचा सेट मागवला होता, जाहिरातीत तो माणूस भर रस्त्यात करत होता, आणि आला तेव्हा कळलं की मागे काळा पडदा, बाजूने मंद उजेड आणि प्रेक्षक समोर दहा फुटांवर, एवढं जमलं तरच चालतं. आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये चार ट्यूबलाइट आणि तिन्ही बाजूंना माणसं. तो सेट आजही माळ्यावर आहे.

तेव्हापासून काहीही विकत घेताना मी चार गोष्टी बघते, बाजूला बसलेल्यांना दिसेल का, आधी किती तयारी लागते, नंतर कोणी 'बघू हातात' म्हणालं तर देता येईल का, आणि तीच ट्रिक लगेच दुसऱ्या घोळक्यात करता येईल का. जाहिरातीच्या व्हिडिओत या चारपैकी एकाचं जरी उत्तर दिसत नसेल तर समजा की ते मुद्दाम लपवलंय. सुरुवातीला खर्च करायचाच असेल तर चांगले पत्ते, दहा फूट मऊ सुती दोरी, एक नकली अंगठा आणि चार स्पंजचे गोळे, बस. यावर मी आजही पाऊण तासाचा प्रयोग करू शकते.

पत्ते कुठले आणि नाणी कुठली?

पत्ते कागदी घ्या, प्लॅस्टिकचे नको, ते एकतर चिकटतात नाहीतर सटकतात, मधलं काही नाही. बायसिकल ब्रँडचा कॅट सगळे वापरतात तो चांगलाच आहे, पोकर साइज, म्हणजे साधारण ६३ मिलिमीटर रुंद. हात लहान असेल, मुलींचा किंवा शाळेतल्या मुलांचा, तर ब्रिज साइज घ्या, ५७ मिलिमीटर, तेवढ्या सहा मिलिमीटरने खूप फरक पडतो आणि त्यात कमीपणा काही नाही. पावसाळ्यात आमच्याकडे कागदी पत्ते दमट होऊन फुगतात, हातात त्यांचा पंखा नीट उघडत नाही, म्हणून मी ते झिप पिशवीत तांदळाच्या पुरचुंडीबरोबर ठेवते आणि प्रयोगाला नवा कॅट फोडते.

नाण्यांचं जरा सविस्तर सांगते कारण यावरून बरीच मुलं निराश होतात. पुस्तकं लिहिली गेलीत अमेरिकन अर्ध्या डॉलरसाठी, ते नाणं ३०.६ मिलिमीटरचं. आपलं एक रुपयाचं जेमतेम २०-२२. ते घेऊन तुम्ही तळहातात धरायचा प्रयत्न करता, पडतं, आणि वाटतं की आपला हातच वाईट. हात वाईट नाही, नाणं लहान आहे. दहाचं नाणं घ्या, २७ मिलिमीटर. किंवा वीसचं, तेही २७ चंच पण बारा कोनांचं, ते कोपरे तळव्याच्या मांसात छान रुततात आणि घामेजल्या हातातही धरून राहतात. मी शिकवताना वीसच्या नाण्यानेच सुरुवात करते.

किती ट्रिक्स यायला हव्यात?

सहा. नीट येणाऱ्या सहा. हुडिनी हा जगप्रसिद्ध जादूगार म्हणायचा की एखादी ट्रिक मला तीनदा दाखवा, मी ती ओळखतोच. व्हर्ननने त्याला एकच पान कॅटमध्ये घालून परत परत वर आणून दाखवलं, तीनच्या कितीतरी जास्त वेळा, आणि हुडिनीला सुगावा लागला नाही. ती ट्रिक काही जगावेगळी नव्हती, आज कुठल्याही नवशिक्याच्या पुस्तकात सापडते. ती त्या माणसाच्या हातात मुरलेली होती इतकंच.

सराव कसा करायचा? आरशासमोर?

आरसा थोडे दिवस, मग मोबाइल. आरशात बघताना तुम्ही सतत स्वतःच्या हाताकडे बघता आणि तीच सवय लोकांसमोर येते, शिवाय नेमकी चोरटी हालचाल करताना पापणी मिटते हे आरशात कधीच दिसत नाही कारण तेव्हा तुमचे डोळे मिटलेले असतात! मोबाइल समोर, मग डावीकडे, मग उजवीकडे, मग खाली लहान मुलाच्या उंचीवर ठेवून शूट करा. हे खालचं सगळे विसरतात आणि वाढदिवसाला पहिल्या रांगेत चार वर्षांचं पोर बसलेलं असतं.

एक गोष्ट मात्र मी कोणालाही सांगितल्याशिवाय सोडत नाही. समजा नाणं उजव्या हातातून डाव्यात घेतल्यासारखं दाखवायचंय आणि ते खरं तर उजव्यातच राहणार आहे. तर ती खोटी हालचाल करायच्या आधी पन्नास वेळा ते नाणं खरंच डाव्या हातात घ्या. अगदी खरंच. आणि बघा स्वतःकडे. खरं घेता तेव्हा मूठ घट्ट आवळलेली नसते, सैल असते, बोटांमध्ये जरा जागा असते. नाण्याला वजन असतं म्हणून डावं मनगट किंचित खाली येतं. डोळे नाण्याबरोबर जातात आणि उजवा हात लगेच बिनकामाचा होऊन मांडीकडे लोंबतो, तो हवेत ताठ थांबत नाही. आता खोटं करा, फक्त नाणं मागे ठेवून, बाकी सगळं तसंच. नवशिक्या पकडला जातो तो बोटांमुळे नाही, डावी मूठ दगडासारखी आवळल्यामुळे आणि उजवा हात चोरासारखा अवघडल्यामुळे. व्हर्नन आयुष्यभर हेच सांगत राहिला की नैसर्गिक राहा, आणि मला वाटतं नैसर्गिक म्हणजे काय ते या पन्नास वेळांतच कळतं.

रोज वीस मिनिटं पुरेत, पण रोज. रविवारी चार तास करून उपयोग नाही.

गुरू मिळेल का कुठे?

मिळाला तर सोडू नका. वर मी पुस्तक म्हणाले ते एकट्याने शिकणाऱ्यासाठी. समोर बसून कोणी तुमचा अंगठा धरून अर्धा सेंटीमीटर मागे सरकवला तर जे वर्षभर जमत नव्हतं ते त्या मिनिटाला जमतं. आपल्याकडे ही विद्या घराघरातूनच पुढे आलीये, गारुड्यांची मुलं चार-पाच वर्षांची असल्यापासून बापाशेजारी बसून जमुऱ्याचं, म्हणजे मदतनिसाचं काम करत शिकली. पुण्यात जादूगार रघुवीर, मग त्यांचे चिरंजीव विजय रघुवीर आणि नातू जितेंद्र रघुवीर, अशा तीन पिढ्या एका घरातल्या. केरळात तिरुवनंतपुरमला गोपीनाथ मुथुकाड यांनी मॅजिक अकॅडमी काढली. शहरांतून जादूगारांची मंडळं, गट असतात, महिन्यातून एकदा भेटतात, एखाद्या प्रयोगानंतर त्या कलाकाराला नम्रपणे विचारलंत तर तो सांगेल.

फक्त विचारताना 'ती ट्रिक शिकवा' असं म्हणू नका. आपण जे करतो ते दाखवा आणि 'यात काय चुकतंय' असं विचारा. या एका वाक्याने माझ्यासाठी दारं उघडली आहेत. आणि गुरू पारखायचा असेल तर त्याचे शिष्य बघा. सगळे हुबेहूब त्याच्यासारखेच बोलत असतील तर जरा विचार करा.

माझी स्वतःची स्टाइल कशी सापडणार?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि मला सगळ्यात जास्त यावरच बोलायचंय.

आधी एक जुनी गोष्ट. बाईला करवतीने कापायची ट्रिक १९२१ मध्ये लंडनला सेल्बिट नावाच्या जादूगाराने लोकांसमोर आणली, मग जगभर सगळे करायला लागले. तीच जवळजवळ आपल्या बंगालच्या पी. सी. सरकारांनी ९ एप्रिल १९५६ ला बीबीसीच्या पॅनोरमा कार्यक्रमात केली, फिरत्या करवतीने, महाराजाच्या पोशाखात. कापून झाल्यावर त्यांनी मुलीला उठवायचा प्रयत्न केला, ती उठेना, त्यांनी तिचा चेहरा झाकला आणि तेवढ्यात निवेदकाने पुढे येऊन कार्यक्रम संपवला. मुलगी मेली असं वाटून लोकांनी बीबीसीला फोन करकरून हैराण केलं. ट्रिक जुनीच होती. पण ती 'इंद्रजाल' नावाने खेळ करणाऱ्या सरकारांच्या हातात आली आणि दुसरीच झाली.

किंवा कार्डिनी हा जुना जादूगार घ्या. डोळ्यावर एकच काच, हातात पांढरे हातमोजे, जरा प्यायलेला सभ्य माणूस, आणि त्याच्या हातात पत्ते आपोआप येत राहतात, तो बिचारा टाकून टाकून थकतो. इथे जादूगार जादू करतच नाहीये, जादू त्याला होतेय! मला विचाराल तर स्टाइल म्हणजे हेच, तुमचं आणि जादूचं नातं काय ते ठरवणं. ती तुमच्या ताब्यात आहे, की तुम्हाला छळतेय, की तुम्ही फक्त साक्षीदार आहात, की आजीने शिकवलेलं काहीतरी करून बघताय. कपडे, संगीत, टेबलावरचं कापड हे सगळं त्यानंतर आपोआप सुचतं.

आता माझं सांगते. पहिली चार वर्षं मी एका परदेशी जादूगाराचे व्हिडिओ बघून त्याच्यासारखं करायचे, भराभर बोलणं, मध्येच थांबून भुवई उंचावणं. लोक टाळ्या वाजवायचे, पण प्रयोगानंतर कोणी बोलायला यायचं नाही. मग एकदा श्रावणात गावी गेले होते गुहागरला, आजी शुक्रवारची कहाणी वाचत होती, आटपाट नगर होतं, आणि आम्ही दहा-बारा बायका-पोरं तोंड उघडी टाकून ऐकत होतो, शंभरदा ऐकलेली कहाणी. तिचा आवाज वर जात नव्हता की हातवारे नव्हते. योग्य जागी ती फक्त पोथीतून मान वर करायची. तेव्हा मला लख्ख कळलं की माझ्याकडे लहानपणापासून आहे ते हे, आणि मी भलतीकडेच शोधत होते.

तीन दोऱ्यांची ट्रिक माहीत असेल, एक लांब, एक मध्यम, एक आखूड, तिन्ही सारख्या होतात आणि परत लहानमोठ्या. पुस्तकात त्याला काहीच गोष्ट नव्हती. मी ती कहाणी केली. आटपाट नगर होतं, तिथे तीन भाऊ होते, बाप गेला आणि वाडीची वाटणी आली. थोरल्याला ही एवढी, मधल्याला ही, आणि धाकटा मुंबईला होता म्हणून त्याला ही. इथे मी आखूड दोरी हातात धरून नुसती बघत राहते, काही बोलत नाही. कोकणात तर या क्षणी हॉलमध्ये हुंकार उठतो कारण प्रत्येकाच्या घरात हे झालेलं असतं. मग म्हातारी आई येते, तिन्ही दोऱ्या ओंजळीत घेते आणि म्हणते, आता मोजा. आणि तिन्ही सारख्या. एका गावात मागून एक आजोबा मोठ्यांदा म्हणाले, 'बाय गो, आमच्याकडे ये आधी, मग तलाठी येऊ दे!' तीच ट्रिक, त्याच दोऱ्या, पण आता ती माझी आहे, दुसऱ्या कोणी उचलली तरी त्याला ती माझ्यासारखी करता येणार नाही.

तुमच्याकडेही असं काहीतरी असणारच. कोणी चांगली नक्कल करतो, कोणी कीर्तन ऐकत वाढलाय, कोणी दुकानात बसून गिऱ्हाइकाशी बोलण्यात पटाईत, कोणी गणिताची शिक्षिका. घरच्यांना विचारा की मी कुठली गोष्ट सांगताना सगळे गप्प होतात. तिथून सुरुवात करा. आणि जे जादूगार आवडतात त्यांचे प्रयोग आवाज बंद करून बघा, ते कुठे थांबतात, कोणाकडे बघतात एवढंच टिपा, त्यांचे संवाद घेऊ नका. दुसऱ्याची ओळ न ओळ उचलणं ही चोरीच आहे, त्याने त्या एका वाक्यासाठी वर्षं घालवलेली असतात.

एका दिवसात नाही सापडत. माझी सापडायला सहा-सात वर्षं लागली आणि अजून बदलतेय.

प्रयोग मराठीत करू की इंग्रजीत?

समोरचे जी बोलतात तिच्यात, पण मराठी असेल तर खरी मराठी. मुलं इंग्रजी पॅटर, म्हणजे ट्रिक करताना बोलायचे संवाद, पाठ करून त्याचं भाषांतर करतात, 'कृपया कोणतंही एक कार्ड निवडा आणि ते लक्षात ठेवा'. असं कोण बोलतं घरी? आपण म्हणतो, 'ओढ बघू एक पान. मला नको दाखवू.' पिसायला सांगताना 'शफल करा' नको, 'पीस चांगला' म्हणा. बदामची राणी, इस्पिकचा गुलाम, किलवरची दुर्री, किती सुंदर नावं आहेत, त्यांना क्वीन ऑफ हार्ट्स कशाला करायचं. मे महिन्याच्या सुट्टीत माळ्यावर बसून खेळलेला तो सगळा काळ या शब्दांत आहे आणि प्रेक्षक त्या शब्दासरशी तुमच्या जवळ येतो.

रघुवीरांनी मराठी माणसाला आपल्या भाषेत जादू बघायची सवय लावली, देशोदेशी प्रयोग केले, आणि प्रवासी जादूगार या नावाने प्रवासाचं पुस्तकही लिहिलं. ते मिळालं तर जरूर वाचा.

काळा कोट आणि उंच टोपी हवीच का?

अजिबात नाही. ते दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या युरोपातले संध्याकाळचे नेहमीचे कपडे. फ्रान्सचा जादूगार रॉबेर-हूदँ याने मुद्दाम लांब झगे आणि चेटक्याचा अवतार सोडून प्रेक्षकांसारखेच कपडे घातले होते, म्हणजे त्याचा मुद्दा साधेपणाचा होता, आणि आपण त्याचाच गणवेश करून टाकला. तुम्ही जे घालून पाहुण्यांकडे जाल ते, एक पायरी वरचं, इस्त्री केलेलं. बूट-चपला स्वच्छ आणि नखं कापलेली, लोक दोन फुटांवरून तुमची नखंच बघत असतात.

मुलींसाठी वेगळं सांगायला हवं. सगळी पुस्तकं कोट-पँट घातलेल्या पुरुषासाठी लिहिलेली, डाव्या खिशात हे, आतल्या खिशात ते, आणि आपल्या कुर्त्याला खिसेच नसतात. मी प्रत्येक कुर्त्याला टेलरकडून दोन खिसे शिवून घेते, उजवा मनगटापर्यंत हात जाईल इतका खोल, डावा उथळ पण तोंडाला रुंद, आणि तोंडाशी कॅनव्हास लावून घेते म्हणजे तो मिटत नाही. साडीत असेन तर कमरेला बटवा. बटव्यात हात घालणाऱ्या बाईकडे कोणी संशयाने बघत नाही, उलट काय निघणार म्हणून बघतात! बायकांनी स्टेजवर फक्त पेटीत झोपायचं असतं हे डोक्यातून काढून टाका.

पहिला प्रयोग कुठे करू?

घरी नको, घरचे एकतर फार कौतुक करतात नाहीतर फार खोड्या काढतात. सोसायटीच्या गणपतीत दहा मिनिटं मागा. तीन ट्रिक्स, पहिली पटकन होणारी, मधली कोणाला तरी पुढे बोलावून, आणि शेवटची सगळ्यात पक्की. आदल्या दिवशी जागा बघून या, माइक हातात धरायचा आहे की स्टँडवर एवढं तरी, कारण एक हात माइकमध्ये गेला तर निम्म्या ट्रिक्स होतच नाहीत. पुढे बोलावलेल्या माणसाची टिंगल कधीही करू नका. तो सगळ्यांसमोर धाडस करून आलाय, त्याला नावाने हाक मारा आणि टाळ्यांत वाटा द्या.

ट्रिक फसली तर?

फसतेच. माझं चुकीचं पान निघालंय, दोरी हातातून सुटलीये, एकदा तर भर लग्नात नकली अंगठा जमिनीवर पडला आणि एका मुलाने उचलून आणून दिला. मी त्याला मनापासून थँक्यू म्हटलं, खिशात टाकला आणि पुढची ट्रिक सुरू केली. सगळ्यात वाईट म्हणजे सारवासारव करत तिथेच घुटमळणं. लोक तुमच्या बाजूचे असतात, त्यांना तुम्ही सावरलेलं बघायचं असतं.

'कसं केलं सांग ना' म्हणून मागे लागतात.

हसून नाही म्हणायचं. 'सराव' एवढंच सांगते मी. खरंच शिकायचं असेल त्याला पुस्तकाचं नाव देते.

जादूटोणा विरोधी कायद्यात आपण अडकू का?

नाही. महाराष्ट्राचा २०१३ चा कायदा नरबळी, अघोरी प्रथा आणि दैवी शक्तीच्या नावाखाली लोकांना फसवणं-लुबाडणं याविरुद्ध आहे. ही हातचलाखी आहे, करमणूक आहे, हे उघड ठेवून केलेला प्रयोग हा त्याचा विषयच नाही. उलट अंनिसचे, म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते बुवांचे चमत्कार गावोगावी करून दाखवतात ते आपल्याच विद्येच्या जोरावर.

पण मन ओळखण्याच्या ट्रिक्स करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. प्रयोगानंतर एखादी बाई हळूच येऊन विचारते, माझा मुलगा घर सोडून गेलाय, कुठे आहे ते सांगाल का. माझ्याबाबतीत हे दोनदा झालंय. तिथे एक सेकंदही भूमिकेत राहू नका. हात धरून सांगा की हे सगळं खेळ आहे, मला काहीही दिसत नाही, आणि पोलिसांत तक्रार दिली का ते विचारा.

प्राणी वापरू का, ससा, कबुतर?

माझं मत, नको. खेळात प्राणी वापरायला १९६० च्या कायद्याप्रमाणे नोंदणी लागते आणि शिवाय उन्हाळ्यात बंद पेटीत त्या जिवाचे हाल होतात ते वेगळंच. स्पंजचा ससा मुलांना तितकाच आवडतो.

मी फार लाजाळू आहे, बोलताना थरथरतो. मला जमेल?

मग बोलू नका! अमेरिकेच्या पेन आणि टेलर या जादूगार जोडीतल्या टेलरने जवळजवळ सगळी कारकीर्द स्टेजवर न बोलता केली. एक संगीताचा तुकडा निवडा, तीन-साडेतीन मिनिटांचा, आणि त्यावर नाण्यांचं किंवा दोरीचं बसवा. माझ्याकडे एक मुलगा यायचा, तोतरा, शाळेत कधी तोंड उघडायचा नाही. त्याने तबल्याच्या एका लग्गीवर चार नाणी एका हातातून दुसऱ्या हातात नेणं बसवलं, प्रत्येक समेला एक नाणं. आठ महिने लागले त्याला. स्नेहसंमेलनात चौथं नाणं समेवर पडलं तेव्हा मी विंगेत उभी होते, आणि तो पहिल्यांदाच मान वर करून समोर बघत होता.